हिंस्र नायकाचा सोबती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या पट्ट्यातली मराठीत फँटसी लिहिणारी पोरंपोरी आपली हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला आणतात. राज्यं, शाप, मायावी जंगलं प्रत्येकाची वेगळी असतात, पण दोन माणसं बहुतेकांच्या कथेत भेटतात. एक सहज तलवार चालवणारा, पापपुण्याचा हिशोब न ठेवणारा, तरीही वाचकाला धरून ठेवणारा नायक. दुसरं त्याच्याबरोबर चालणारं, आणि तिथं असण्याचं काहीच कारण नसलेलं माणूस. पहिल्याबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही. दुसऱ्याबद्दलचे प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

हिंस्र नायकाला सोबती लागतोच कशाला? तो एकटा फिरला तर बिघडलं कुठं?

एकटा फिरला की दोन-तीन प्रकरणांत त्याच्या मारामाऱ्या सारख्या वाटायला लागतात. आला, भांडला, मारलं, पुढं निघाला. मेलेल्या माणसाकडं वळून बघणारं कुणी नसतं आणि नायक स्वतः तर बघणार नाहीच, त्याचा स्वभावच तसा. मग वाचकही बघत नाही. माझ्या मते सोबत्याचं पहिलं काम वळून बघण्याचं. मेलेल्याच्या कमरेला शिदोरी बांधलेली होती, ती अजून सोडलेलीही नव्हती, हे सोबत्याला दिसतं. त्याने ते बोलूनच दाखवायला पाहिजे असं नाही, त्याला दिसलं एवढं वाचकाला पुरतं.

दुसरं कारण साधं आहे. असा नायक मनातलं बोलत नाही. त्याच्याकडून काही वदवून घ्यायचं तर समोर कुणीतरी हवं, आणि ते त्याच्यापेक्षा दुबळं असलं तर जास्त बरं. बरोबरीच्या माणसापुढं तो सावध राहतो.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोणतं?

माझं उत्तर ठरलेलं आहे : महाभारतातल्या सौप्तिकपर्वातले कृपाचार्य. लोकांना अश्वत्थामा आठवतो, त्याच्या कपाळावरची जखम आठवते, तेल मागत फिरणारा चिरंजीव आठवतो. ज्या रात्री त्याने पांडवांच्या झोपलेल्या सैन्याला मारलं, त्या रात्री त्याच्याबरोबर कोण होतं ते मात्र फार जणांना सांगता येत नाही. बरोबर होते कौरवांच्या बाजूने लढलेला यादव योद्धा कृतवर्मा आणि कृप. कृप हे त्याचे सख्खे मामा, कृपीचे भाऊ. म्हातारे, कौरव-पांडव दोघांचेही गुरू.

दुर्योधन मांडी मोडून पडलेला. हे तिघं रानात वडाखाली थांबलेत. मामा आणि कृतवर्मा दमून झोपी गेले, भाच्याला झोप नाही. त्याच झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड येऊन पडतं आणि एकेकाला मारत सुटतं. अश्वत्थाम्याला वाट सापडते. तो दोघांना उठवून बेत सांगतो, आणि व्यासांनी इथं जे लिहिलंय ते प्रत्येक लेखकाने नीट वाचावं : त्या दोघांना लाजेने उत्तरच सुचत नाही. पहिली प्रतिक्रिया उपदेशाची नाही, गप्प होण्याची आहे.

मग मामा बोलायला लागतात. दैव आणि प्रयत्न यांवर लांबलचक बोलतात. धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू म्हणतात. ते चालत नाही म्हटल्यावर खाली येतात : आज झोप, चिलखत उतरव, उद्या उजेडात आम्ही दोघं तुझ्याबरोबर लढू. तेही चालत नाही. मग म्हणतात की आजवर तुझ्यात एक डाग नाही, हे कृत्य तुझ्यावर पांढऱ्यावर पडलेल्या रक्तासारखं दिसेल. ही म्हाताऱ्या माणसाची समजावण्याची पद्धत आहे. आधी तत्त्व, मग वडीलधाऱ्यांचं नाव, मग झोप, मग अब्रू. आपल्याकडं चिडलेल्या भाच्याला मामा आजही असंच समजावतो.

भाचा ऐकत नाही, रथ जोडतो, आणि मामा त्याच्या मागून जातात.

पांडवांच्या शिबिराच्या दाराशी मामा आणि कृतवर्मा उभे राहतात. आत अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतोय. जे जीव वाचवायला बाहेर पळत येतात, हात जोडून येतात, त्यांना हे दोघं मारतात. त्यावर तीन ठिकाणी शिबिराला आग लावतात, आणि त्या उजेडात अश्वत्थाम्याचं काम सोपं होतं. उजेडात लढू असं म्हणणाऱ्या माणसानेच त्या रात्रीचा उजेड पुरवला. या एका रात्रीत सोबत्याबद्दलचं सगळं येऊन गेलंय : माया, समजावणी, हार, आणि शेवटी हात रंगणं.

महाभारताला फँटसी म्हणायचं का?

मी म्हणत नाही. पण मराठीत अद्भुत लिहिणाऱ्याने शिकायला कुठं जावं असं विचाराल तर तिथंच जावं. ज्याला ते फक्त अस्त्रांच्या यादीसाठी लागतं, तो फार थोडं घेऊन परत येतो.

सोबत्याने नायकाला सुधारायला नको का?

माझ्याकडं येणाऱ्या हस्तलिखितांपैकी निम्म्यांची गाडी इथंच अडकते. एक गोड पोरगी किंवा एक साधू येतो, चार वाक्यं बोलतो आणि ज्याने गावंच्या गावं जाळली तो नायक झाडाखाली बसून रडायला लागतो. मला हे खोटं वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मेलेल्यांचा त्यात अपमान होतो. नायकाच्या रडण्याने जळालेलं गाव परत उभं राहत नाही, आणि लेखकाला मात्र ते खातं मिटल्यासारखं वाटतं.

सोबत्यामुळं नायकात फरक पडायला हरकत नाही, तो लहान असू द्या. आधी विचारत नव्हता, आता मारण्याआधी नाव विचारतो. तरीही मारतोच. असला फरक सुधारण्यापेक्षा जास्त अंगावर येतो, कारण आता त्याला कळतंय आणि कळूनही तो करतोय.

मग सोबती त्याच्याबरोबर राहतो तरी का? निघून का जात नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर ठरलं नसेल तर पुढं लिहू नका. ‘त्याला नायकाबद्दल ओढ वाटते’ हे उत्तर चालणार नाही. सोबत्याचं स्वतःचं काम पाहिजे, आणि त्या कामाची वाट नायकाच्या वाटेवरून जाणारी पाहिजे.

इथलीच दोन उदाहरणं घेऊ. समजा, सोबती माणदेशातली धनगरीण आहे. पाऊस सरल्यावर आटपाडी-माणकडची मेंढरं चाऱ्यापाण्याच्या मागं नदीकाठच्या मुलखात येतात, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. अशा बाईला मुलूख ठाऊक, पाणी कुठं लागेल ते ठाऊक, कोणत्या गावात कुणाचं वैर आहे तेही ठाऊक. तिचा कळप लुटला गेलाय. लुटारूंच्या मागावर नायकही आहे, त्याच्या वेगळ्या कारणाने. तिला मेंढरं पाहिजेत, त्याला माणसं. दोघांची वाट एक आणि शेवट वेगळे. लुटारू सापडले की एकाला दुसऱ्याची गरज संपणार, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता ती का जात नाही हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण हरिपूरचं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव आहे आणि तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड आणि आत मोठं पोट. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं माल टिकायचा. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीच निकामी झाली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा मारते. तोंड उघडं ठेवून थांबायचं, दिवा खाली सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं.

आता हा प्रसंग बघा. नायकाच्या वैऱ्याने लपवलेली वस्तू पेवात आहे. पेव उघडणारा म्हातारा गुडघ्यावर बसलाय, दोरीला कंदील बांधतोय. नायक मागं तलवार घेऊन उभा.

“सर बाजूला. मी उतरतो.”

“उतरा की मालक. पण वर कोण काढणार? मला तुमचं वजन झेपायचं नाही.”

कंदील खाली जातो. दहा हात, बारा हात. ज्योत बारीक होते, निळसर होते, विझते. म्हातारा दोरी वर ओढतो, कंदील पुन्हा पेटवतो, चंची काढतो आणि पान जुळवायला बसतो.

“आणि किती?”

“तिला वाटंल तवर.”

ज्याने आजवर कुणासाठी वाट बघितली नाही तो माणूस एका कंदिलासाठी बसून राहतो. म्हाताऱ्याने त्याला एक शब्द शिकवलेला नाही. फक्त म्हाताऱ्याला जे येतं ते त्याला येत नाही, आणि तलवारीने ते शिकता येत नाही. सोबत्याचं वजन कथेत असं येतं. कारागिराला सोबती केलंत तर असले प्रसंग आपोआप सुचतात, म्हणून माझा आग्रह असतो की सोबत्याला धंदा द्या.

सोबती नायकाचा द्वेष करत असेल तर चालेल का?

चालेल, पण सोपं नाही. शल्य बघा. मद्रदेशाचा राजा, नकुल-सहदेवांचा मामा, भाच्यांच्या मदतीला निघालेला. वाटेत दुर्योधनाने पाहुणचार केला आणि शब्दात अडकवला. पुढं तोच कर्णाचा सारथी झाला, आणि कर्णाचा तेजोभंग करायचं युधिष्ठिराला आधीच कबूल करून बसलेला. रथ हाकताना तो कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो : उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसांशी पैज लावतो आणि समुद्रावर दमून पडायला येतो. लढाईच्या तोंडावर, ज्याच्या हातात आपल्या घोड्यांचे लगाम आहेत त्याच्याकडून हे ऐकायचं.

शिकण्यासारखी गोष्ट पुढं आहे. इतकं टाकून बोलूनही शल्य रथ चांगलाच हाकतो. द्वेष करणारा सोबती कामात कच्चा दाखवलात की तो नुसता फितूर होतो. कामात पक्का आणि तोंडाने विखारी असला की नायकाला त्याला सोडताही येत नाही.

विनोदी सोबती ठेवला तर कथा हलकी होईल का?

सांगलीत बसून हा प्रश्न विचारायचा नाही. 5 नोव्हेंबर 1843 ला याच गावात विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि त्या परंपरेच्या नाटकांत सूत्रधाराशी थट्टा करणारा विदूषक आणि ‘अललल डुर्र’ करत तलवारी परजत येणारे राक्षस एकाच रंगभूमीवर नांदले. हसणाऱ्या लोकांची पुढच्या क्षणी राक्षस आल्यावर घाबरगुंडी उडायची. हसू आधी आलं होतं म्हणूनच भीती जास्त वाटायची.

तमाशातला सोंगाड्या त्याच्या पुढं जातो. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, म्हणजे हा वारसा आपल्या अंगणातला. वगात राजा कितीही क्रूर असू दे, सोंगाड्या त्याला तोंडावर विचारतो. राजाला प्रधान जे विचारू शकत नाही, राणी विचारू शकत नाही, ते हा विचारतो, कारण त्याला कुणी माणसात धरत नाही. तुमच्या हिंस्र नायकासमोर अशी मोकळीक असलेलं एक माणूस असू द्या. फक्त एक लक्षात ठेवा : त्याचा विनोद मेलेल्यांवर नको. सोंगाड्या नेहमी वर बसलेल्यावर बोलतो, पडलेल्यावर नाही.

दोघं एकमेकांना काय म्हणून हाक मारतील? अरे-तुरे की अहो-जाहो?

याचा निर्णय पहिल्याच प्रकरणात घ्या, कारण मराठीत तो टाळता येत नाही. नात्याचा अर्धा इतिहास हाकेत असतो. पेवावरचा म्हातारा नायकाला ‘मालक’ म्हणतो आणि ‘तुम्ही’ करतो, नायक त्याला ‘ए म्हाताऱ्या’ आणि ‘तू’. तीनशे पानांनंतर एखाद्या रात्री नायकाच्या तोंडून ‘आज्जा’ निघालं तर तुम्हाला दुसरं काहीच लिहायला नको. ते मुद्दाम दाखवू मात्र नका. कुणाचे डोळे पाणावले, कुणाला भरून आलं, हे सगळं गाळा. म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करू दे.

धनगरीण उलट बाजूने येईल. ती पहिल्यापासून ‘आरं लेकरा’ करून बोलेल, आणि त्याने तिच्या देखत पहिला खून केला की दुसऱ्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायला लागेल. जवळचं माणूस एकाएकी मानाने बोलायला लागलं की किती लांब गेलं, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला सांगायला नको.

बोलीबद्दलही इथंच सांगतो. संवादात बोली येऊ द्या, पण प्रत्येक पात्र एकाच ठशाचं ‘काय गा, लका’ करत नसतं. जतकडच्या बोलण्यात कानडी हेल येतो, वाई-साताऱ्याकडचं वळण निराळं, मिरजेच्या पेठेत दखनीही कानावर पडते. कान उघडे ठेवा.

सोबती बाई असेल तर त्यांचं प्रेम जमवायचं का?

नका जमवू. जमलंच तर लेखकाला शेवटपर्यंत कळू नये इतकं उशिरा जमू दे.

लहान मूल सोबती असेल तर?

फार वापरलं जातं, आणि बहुतेक वेळा मुलाला नायकाची मऊ बाजू दाखवण्यापुरतंच ठेवतात. मूल बघून शिकतं, हे विसरू नका. हिंस्र माणसाबरोबर सहा महिने फिरलेलं पोर सातव्या महिन्यात काय करेल? कुत्र्याच्या पिल्लाशी कसं वागेल? भांडणात हातात काय घेईल? हे लिहायची तयारी असेल तरच मूल घ्या.

हिंसा किती दाखवायची?

सोबत्याला जिथून दिसते तिथून, आणि तेवढीच. याने दोन गोष्टी आपोआप होतात. तलवारबाजीची वर्णनं कमी होतात, कारण धनगरणीला डाव-पेच कळत नाहीत, आणि नंतरचं जास्त दिसतं, कारण नंतर साफसफाई तिलाच करावी लागते. सौप्तिकपर्वात त्या रात्रीनंतर अश्वत्थाम्याची तलवार रक्ताने त्याच्या मुठीला चिकटून बसते, हात आणि मूठ एक होऊन जातात. कुणाला कसं मारलं याची वर्णनंही तिथं आहेत आणि भयंकर आहेत, पण माझ्या मनात राहिली ती चिकटलेली मूठ. आता विचार करा, ती मूठ सकाळी सोडवायला कुणी मदत केली असेल? पाणी गरम कुणी केलं असेल? व्यासांनी ते लिहिलेलं नाही. ती जागा तुमची आहे.

प्रवासाचा मार्ग काल्पनिक ठेवू की इथला?

नावं काल्पनिक ठेवा, भूगोल खरा घ्या. कृष्णेसारखी तयार वाट दुसरी मिळायची नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम, खाली धोम, वाई, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना समोरासमोर येऊन भिडते, पुढं औदुंबर, सांगली, हरिपूरला वारणा, आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. डोंगरातलं धुकं, मधली काळी रानं आणि पूर्वेला वळलात तर खटाव-आटपाडीचा कोरडा माळ, हे सगळं थोड्या दिवसांच्या चालीत येतं. प्रत्येक संगमावर वाट फुटते, आणि वाट फुटली की सोबत्याला निघून जायची संधी मिळते. प्रत्येक वेळी तो थांबला तर का थांबला हे तुम्हाला ठरवावं लागतं. कादंबरीची प्रकरणं यावरच पडू शकतात.

पुराचंही भान असू द्या. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट हे पोरंसोरंही सांगतात, 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका. पाणी चढताना वैरी आणि नायक एकाच माडीवर अडकले, मधे सोबती, आणि खाली पाणी. एवढं मिळाल्यावर ड्रॅगन लागत नाही.

शेवटी सोबत्याला मारायचं का?

मारण्याची घाई फार असते. सोबती मेला की नायक पेटून उठतो आणि शेवटची लढाई लिहायला जोर येतो, हे मला माहीत आहे. पण मग सोबत्याचं मरणही नायकाच्याच खात्यावर जमा होतं, आणि त्याला स्वतःचं असं काही उरत नाही.

मी सोबत्याला जगवायच्या बाजूचा आहे. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड आहेत, सवड काढून बघून या. सर्वसाधारणपणे वीरगळावर खालच्या चौकटीत वीर पडलेला, मध्ये लढाई, त्यावर अप्सरा त्याला नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि चंद्र-सूर्य. सगळा दगड एकट्या वीराचा. पण दगड घडवायला सांगितलं कुणी, पाथरवटाला दाम कुणी दिले? कुणीतरी मागं राहिलं होतं. त्या मागं राहिलेल्याचं एक प्रकरण लिहा, नायक मेल्यानंतरचं.

कृपांचंही असंच आहे. युद्ध संपल्यावर तिघं वेगळे झाले, कृतवर्मा आपल्या राज्यात, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे, कृप हस्तिनापुरात. पांडवांनी त्यांना ठेवून घेतलं. आणि महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिराने परीक्षिताला शिष्य म्हणून त्यांच्याच हाती दिलं. हा तोच परीक्षित, ज्याला अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या पोटात मारलं होतं आणि कृष्णाने जिवंत केलं. त्या पोराला धनुष्य धरायला शिकवणारा हात त्या रात्री शिबिराच्या दाराशी होता. मामांनी शिष्याला ती रात्र सांगितली असेल का, आणि कोणत्या वयात? यावर एक अख्खी कादंबरी होते. कुणी लिहायला घेतली तर पहिला खर्डा मला वाचायला द्या.

सुरुवात कुठून करू?

नायक बाजूला ठेवा. सोबती सकाळी उठून काय करतो ते दोन पानं लिहा, नायकाची भेट व्हायच्या आदल्या दिवसाचं. चूल कुणी पेटवली, कुणाचं देणं आहे, आज कुठं जायचं होतं. ती दोन पानं कादंबरीत ठेवायची गरज नाही. मला हस्तलिखित पाठवाल तेव्हा मात्र ती सोबत जोडा, मी तीच आधी वाचतो.